रॅम महागली, साठ हजारांत पहिला गेमिंग संगणक आता कसा बसवायचा?

३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉन या अमेरिकी कंपनीनं रॅम आणि एसएसडीचा आपला 'क्रुशियल' हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. दुकानांसाठीचा माल फेब्रुवारी २०२६ अखेरपर्यंतच निघणार, त्यानंतर नाही, असं तेव्हा कंपनीनं सांगितलं. असेंबल्ड संगणक घेणाऱ्या भारतीय ग्राहकाला हे नाव चांगलंच ओळखीचं होतं. त्याच महिन्यात रुपयानं डॉलरमागे ९० ची पातळी ओलांडली.

या दोन बातम्यांचा भोर तालुक्यातल्या कामथडीशी थेट संबंध आहे. पुणे-सातारा महामार्गावरच्या या गावात किंवा शेजारच्या नसरापूर, कापूरहोळमध्ये एखाद्या घरानं मुलाच्या पहिल्या गेमिंग संगणकासाठी साठ हजार रुपये बाजूला काढले असतील, तर २०२५ च्या मध्याला त्या पैशात जो संगणक येत होता तो आता येत नाही. कुठंतरी कात्री लावावी लागणार. दुकानदाराला ती लावायची असते तिथं, जिथं ग्राहकाचं लक्ष जात नाही. आणि नेमकी तीच जागा गावातल्या विजेवर चालणाऱ्या संगणकासाठी सगळ्यात घातक असते.

रॅम इतकी का महागली?

जगातल्या रॅमचा बहुतांश पुरवठा तीन कंपन्यांकडून होतो: दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना एचबीएम नावाची वेगवान मेमरी लागते. तीही याच तिघींच्या कारखान्यांत, त्याच सिलिकॉनच्या चकत्यांवर तयार होते. मायक्रॉननंच सांगितलेल्या हिशेबानुसार तेवढ्याच क्षमतेची एचबीएम बनवायला साध्या डीडीआर ५ च्या सुमारे तिप्पट चकत्या खर्ची पडतात. म्हणजे एचबीएमची एक ऑर्डर घेतली की साध्या रॅमच्या तीन ऑर्डरींची जागा जाते. शिवाय एचबीएमवर नफा जास्त. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयनं 'स्टारगेट' प्रकल्पासाठी सॅमसंग आणि एसके हायनिक्सशी प्राथमिक करार केले. त्यात महिन्याला नऊ लाख चकत्यांपर्यंतच्या मागणीचा आकडा होता.

जुनी डीडीआर ४ तरी स्वस्त राहायला हवी होती, पण तिचं उत्पादन कंपन्या आधीपासूनच आवरतं घेत होत्या. त्यामुळे दोन्ही पिढ्यांची रॅम काही महिन्यांत दुपटी-तिपटीवर गेली. एसएसडीतल्या मेमरीचे भावही मागोमाग चढले.

'गुजरातेत चिपचे कारखाने येताहेत ना?' हा प्रश्न इथं हमखास येतो. साणंदचा मायक्रॉनचा प्रकल्प जुळणी आणि चाचणीचा आहे, चकत्या तिथं बनत नाहीत. जीएसटीतूनही फारसा दिलासा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरचे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले, पण संगणकाचे सुटे भाग आधीही १८ टक्क्यांतच होते आणि आजही तिथंच आहेत.

साठ हजारांचा हिशेब कुठं बिघडला?

२०२५ च्या मध्याचा एक साधारण हिशेब घेऊ. आकडे दुकानागणिक हजार-पाचशेनं इकडेतिकडे होतील. ग्राफिक्स कार्ड १९ हजार, प्रोसेसर ९, मदरबोर्ड ६, सोळा जीबी डीडीआर ४ रॅम ३, पाचशे जीबी एसएसडी ३, चांगला एसएमपीएस ४ आणि कॅबिनेट अडीच हजार. हे झाले साडेसेहेचाळीस हजार. त्यावर २४ इंची मॉनिटर ८ हजार, कीबोर्ड-माउस-हेडफोन २ आणि यूपीएस साडेतीन हजार. एकूण बरोबर साठ.

आता रॅम तिप्पट धरा आणि एसएसडी दीडपटीच्या थोडी वर. खर्च सात-आठ हजारांनी वाढला. बाकी काहीच न बदलता साठचे अडुसष्ट झाले.

हे आठ हजार वसूल करायचा सोपा मार्ग दुकानात लगेच सुचवला जातो: चार हजारांचा एसएमपीएस काढून कॅबिनेटसोबत येणारा आठशे-हजाराचा बसवायचा, यूपीएस 'नंतर बघू' म्हणायचं आणि सोळाऐवजी आठ जीबी रॅम टाकायची. संगणक सुरू होतो, दिवे लुकलुकतात, गेमही चालतो. त्यातली रॅमची काटकसर एक वेळ समजण्यासारखी आहे, कारण रॅम नंतर वाढवता येते. एसएमपीएस आणि यूपीएसची काटकसर तशी नाही. तिची किंमत एकदम चुकवावी लागते, तीही ग्राफिक्स कार्डासकट.

आधी खेळ ठरवावा, मग भाग

गेमिंग संगणक ही एकच वस्तू नाही. 'व्हॅलरंट' खेळणाऱ्याला महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. हा खेळ मुख्यतः प्रोसेसरवर चालतो, आणि सेकंदाला १४४ फ्रेमसाठी कंपनीनं सुचवलेलं कार्ड जीटीएक्स १०५० टीआय, म्हणजे २०१६ सालचं आहे. 'जीटीए ५' संगणकावर २०१५ मध्ये आला, त्याची मूळ आवृत्ती आजच्या साध्या कार्डावर आरामात धावते. 'काउंटर-स्ट्राइक २' थोडं जास्त मागतो.

मोबाइलवर 'बीजीएमआय' खेळून संगणकाकडे वळणारी मुलं मोठ्या संख्येनं आहेत, आणि त्यांचा इथं अपेक्षाभंग होतो. बीजीएमआय मोबाइलचाच खेळ आहे. संगणकावरचा 'पबजी: बॅटलग्राउंड्स' हा वेगळा खेळ, तो जानेवारी २०२२ पासून फुकट आहे, पण त्यासाठी सोळा जीबी रॅमची शिफारस आहे. 'जीटीए ६ साठी' म्हणून कुणी महागडं कार्ड विकू पाहत असेल तर त्याला हसून सोडून द्यावं. त्या खेळाची जाहीर झालेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे आणि तीही फक्त प्लेस्टेशन व एक्सबॉक्ससाठी. संगणकाचं नावच त्यात नाही.

पालकांच्या मनातली एक शंका वेगळीच असते: हे पैसे लावायचे खेळ तर नाहीत? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना मात्र मान्यता दिली. वर सांगितलेले खेळ बंदीच्या गटात येत नाहीत. खेळाच्या आत पोशाख-बंदुकांच्या रंगांवर पैसे उडवता येतात, ते घरानं आपापलं बघायचं.

जुनी पिढी घ्यायची की नवी?

वर्षभरापूर्वी सल्ला ठरलेला होता: थोडे पैसे जास्त घाला, एएमडीचा एएम ५ मदरबोर्ड घ्या, म्हणजे पुढं फक्त प्रोसेसर बदलता येईल. सल्ला चुकीचा नव्हता. पण एएम ५ वर फक्त डीडीआर ५ चालते, मदरबोर्डही महाग, आणि साठ हजारांत या दोन्हींचा भार उचलायचा तर ग्राफिक्स कार्डाला पैसेच उरत नाहीत. आजच्या भावात या बजेटला डीडीआर ४ वरचा संगणकच जास्त शहाणपणाचा आहे.

तिथं दोन वाटा आहेत. एक एएमडीचा रायझन ५ ५६००, सहा कोअरचा, २०२२ मध्ये आलेला. दुसरी इंटेलच्या बाराव्या पिढीची: चार कोअरचा आय ३-१२१००एफ किंवा सहा कोअरचा आय ५-१२४००एफ. इंटेलच्या या पिढीचे मदरबोर्ड डीडीआर ४ चे वेगळे आणि डीडीआर ५ चे वेगळे येतात. रॅम एकाची आणि बोर्ड दुसऱ्याचा घेतला तर ती खाचेत बसतच नाही, आणि ऑनलाइन सुटे भाग मागवणाऱ्यांची ही नेहमीची फजिती आहे. नावाशेवटचा 'एफ' म्हणजे प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोय नाही. वेगळं कार्ड लागणारच. रायझन ५६०० ला 'एफ' नसूनही ती सोय नाही, हे मात्र नावावरून कळत नाही.

मग रॅमच्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात की सोळाची एक? दोन पट्ट्यांनी वेग वाढतो हे खरं. पण स्वस्त मदरबोर्डवर खाचाच दोन असतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर सोळाची एक पट्टी घेऊन दुसरी खाच भाव उतरेपर्यंत रिकामी ठेवणं आज जास्त सोयीचं पडतं. थोडा वेग जातो, पण पुढं रॅम वाढवताना जुन्या पट्ट्या काढून विकाव्या लागत नाहीत.

ग्राफिक्स कार्ड नंतर घेतलं तर?

हाही जुना आणि चांगला सल्ला: रायझन ५ ५६००जी सारखा, आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या, व्हॅलरंट खेळा, वर्षभरानं कार्ड आणा. सध्या त्यात एक गोम आहे. आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, संगणकाच्या रॅममधूनच वाटा घेतं. त्यामुळे तिथं आठ जीबीवर भागत नाही आणि एक पट्टीही चालत नाही, कारण सगळा वेग रॅमच्या दोन वाटांवरच अवलंबून असतो. म्हणजे कार्डाचे पैसे वाचवायला गेलं की ज्या वस्तूचा भाव सगळ्यात चढला आहे त्याच वस्तूत पैसे घालावे लागतात. तरीही एकूण खर्च बराच खाली येतो. ज्या घराकडे साठ नव्हे तर पस्तीस-चाळीस हजारच आहेत, त्यांच्यासाठी ही वाट अजून उघडी आहे. पबजीची अपेक्षा मात्र ठेवू नये.

कार्ड घ्यायचंच असेल तर २०२१ मध्ये आलेलं एएमडीचं आरएक्स ६६०० अजूनही या बजेटात चांगलं आहे, मिळालं तर. आठ जीबी मेमरी आणि सुमारे १३२ वॅट वीज. तेवढ्याच आसपासच्या भावात आरटीएक्स ३०५० चा सहा जीबीचा प्रकार दाखवला जातो. तो बराच संथ आहे, पण त्याला अवघी ७० वॅट वीज पुरते आणि बहुतेक मॉडेलना वेगळी वायर जोडावी लागत नाही. इंटेलचं आर्क बी ५७० कागदावर मोहात पाडतं. मात्र ही कार्डं जुन्या किंवा कमी ताकदीच्या प्रोसेसरसोबत पूर्ण वेग देत नाहीत, त्यामुळे आय ३ सोबत त्यांची जोडी लावू नये.

वीस हजारांतला 'आय ७'

समाजमाध्यमांवर एक जाहिरात सतत फिरते: आय ७, सोळा जीबी रॅम, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट, मॉनिटरसकट वीस-बावीस हजार. फसवणूक शब्दशः नसते. आत खरोखर आय ७ असतो. पण अनेकदा तो आय ७-२६०० किंवा ३७७०, म्हणजे २०११-१२ सालचा. आजचा चार कोअरचा आय ३-१२१००एफ त्याला सहज मागं टाकतो. 'आय ३, आय ५, आय ७' ही फक्त त्या-त्या पिढीतली उतरंड आहे. त्यापुढचा आकडा पिढी सांगतो, आणि विचारायचा तो तोच.

१४ ऑक्टोबर २०२५ पासून हा फरक आणखी महत्त्वाचा झाला. त्या दिवशी विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट थांबली. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० लागतं. व्हॅलरंटही विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट असल्याशिवाय सुरू होत नाही. २०११ च्या आय ७ वर जुगाड करून विंडोज ११ चढवून देणारे आहेत. मग खेळ उघडल्यावर चूक दाखवतो आणि दुकानदार फोन उचलत नाही.

याच बाजारात एक खरोखर चांगली गोष्टही आहे. कंपन्यांमधून निघालेले डेल, एचपी, लेनोवोचे आठव्या-नवव्या पिढीचे संगणक. आय ५-८५०० ला सहा कोअर आहेत, विंडोज ११ अधिकृतपणे चालतं, आणि रॅम आधीच आत बसलेली असते. रॅम महाग असताना हा फायदा मोठा आहे. अडचण एसएमपीएसची: तो कमी वॅटचा, वेगळ्या आकाराचा आणि वेगळ्या जोडणीचा असतो, बाजारातला नेहमीचा त्यात बसत नाही. म्हणून तिथं वर सांगितलेलं ७० वॅटचं कार्डच शोभतं, आणि पातळ कॅबिनेट असेल तर त्याचीही बुटकी आवृत्ती शोधावी लागते. साठपेक्षा बऱ्याच कमी पैशात व्हॅलरंट, जीटीए ५ आणि कॉलेजचं काम भागवायचं असेल, तर आजच्या घडीला याहून बरी वाट क्वचितच सापडेल.

वीज आणि अर्थिंग

गावात दिवे मंद होतात, मध्येच लख्ख पेटतात. डीपीवरचे पंप एकदम सुरू-बंद झाले की दाब हलतो. पावसाळ्यात भोरच्या बाजूला लाइट जाणं-येणं नवं नाही. चांगला एसएमपीएस हे हेलकावे पचवतो आणि काही बिघडलं तर स्वतः बंद पडून बाकीच्यांना वाचवतो. स्वस्त एसएमपीएसवर '५०० वॅट' छापलेलं असतं, पण आतली संरक्षणाची सर्किटच गायब असतात. तो जाताना मदरबोर्ड आणि कार्डही घेऊन जातो. वर सांगितलेल्या संगणकाला खेळताना सव्वादोनशे-अडीचशे वॅट लागतात. त्याला नामांकित कंपनीचा ४५० ते ५५० वॅटचा, '८० प्लस ब्राँझ' दर्जाचा एसएमपीएस पुरतो.

६०० व्हीएच्या यूपीएसची खरी क्षमता साधारण ३६० वॅट असते. लाइट गेल्यावर तो काही मिनिटंच देतो. खेळ चालू ठेवायला तो नसतोच. संगणक नीट बंद करायला असतो. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का ते बघावं आणि त्याचं बटण 'यूपीएस' स्थितीत ठेवावं. पंखा-दिव्यांसाठीच्या दुसऱ्या स्थितीत लाइट गेल्यावर बदलायला जो क्षण लागतो, तेवढ्यात संगणक बंद पडतो.

अर्थिंगचं काय? जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे बऱ्याचदा वायरच नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर कारण बहुधा तेच. खड्डा घेऊन अर्थिंग करायला वायरमनला दिलेले पैसे कोणत्याही भागापेक्षा जास्त वर्षं उपयोगी पडतात, आणि ते फ्रिजलाही लागू पडतात.

बिलाचाही अंदाज असावा. २५० वॅटवर रोज तीन तास म्हणजे महिन्याला साडेबावीस युनिट. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटपुढचा टप्पा बराच महाग आहे. ज्या घराचं बिल आज नव्वदच्या आसपास थांबतं, तिथं वाढलेली बहुतेक युनिट त्या महाग टप्प्यात पडतील.

कुठून घ्यायचं, कधी घ्यायचं?

पुण्यातलं दुकान, मुंबईचा लॅमिंग्टन रोड की ऑनलाइन? कामथडीहून स्वारगेट एसटीनं एका दिवसात जाऊन-येऊन होतं, त्यामुळे पुण्याला झुकतं माप द्यायला हरकत नाही, भले पाचशे रुपये जास्त जावोत. भाग खराब निघाला तर समोरासमोर बोलता येतं. प्रत्येक भागाचा सिरियल नंबर असलेलं जीएसटी बिल घ्यावं. 'बिलाशिवाय स्वस्त' म्हणजे वॉरंटीशिवाय. इंटेलच्या मदरबोर्डमधल्या आणि रायझन ५६०० च्या खालच्या पिना वाकलेल्या निघाल्या तर वॉरंटी नाकारली जाते, म्हणून खोकं दुकानातच उघडून बघावं. ऑनलाइन मागवलं तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढावा.

सेकंड हँडमध्ये सगळे भाग सारखे धोक्याचे नसतात. रॅम सगळ्यात निर्धोक: झिजत नाही, आणि मेमटेस्ट ८६ हे फुकटचं सॉफ्टवेअर तासा-दोन तासांत तिची परीक्षा घेतं. आठ हजारांच्या खड्ड्यातला मोठा भाग इथंच भरून निघू शकतो. प्रोसेसरही सहसा टिकतो. एसएमपीएस जुना अजिबात घेऊ नये. ग्राफिक्स कार्डाचं मध्येच कुठंतरी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडल्यावर वर्षानुवर्षं दिवसरात्र राबलेली कार्डं बाजारात आली, आणि ती अजून हातोहात फिरताहेत. काहींवर जुन्या कार्डाचं सॉफ्टवेअर बदलून नाव मोठं दाखवलेलं असतं. 'आरएक्स ५८० २०४८ एसपी' तर उघडच खऱ्या ५८० पेक्षा कमी ताकदीचं आहे. चालू संगणकावर अर्धा तास गेम चालवून दाखवायला विक्रेता तयार नसेल तर तिथून उठावं.

भाव उतरेपर्यंत थांबावं का? मायक्रॉनच्या आयडाहोतल्या नव्या कारखान्यातून पहिलं उत्पादन २०२७ मध्ये अपेक्षित आहे, आणि तेही आधी डेटा सेंटरकडे जाण्याचीच शक्यता जास्त. दोन-चार महिने थांबून मोठा फरक पडेल असं मानायला आज आधार नाही. मुलगा धांगवडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात घरून ये-जा करणार असेल तर डेस्कटॉप ठीक. पण पुण्यात वसतिगृहात राहणार असेल तर निर्णय प्रवेश पक्का होईपर्यंत थांबवावा, कारण मग लॅपटॉपचा विचार करावा लागतो. लॅपटॉप घेताना रॅमची एक खाच मोकळी आहे की सगळी बोर्डलाच जोडलेली आहे, हे आधी विचारावं.

डेस्कटॉपच ठरला तर खरेदीचा क्रमही बदलावा. पूर्वी कार्ड आधी ठरायचं आणि उरलेल्यात रॅम बसायची. आता आधी सोळा जीबी डीडीआर ४ कुठं, कितीला मिळते ते पक्कं करावं, नवी किंवा तपासलेली जुनी. एसएमपीएस, यूपीएस आणि अर्थिंगचे आठ-दहा हजार वेगळे काढून ठेवावेत. उरलेल्यात प्रोसेसर आय ३ वर आणावा लागला किंवा कार्ड एक पायरी खाली घ्यावं लागलं तरी हरकत नाही. ते दोन्ही नंतर स्क्रू काढून बदलता येतात.